भाड्याच्या घरात कुत्रं-मांजर: अ‍ॅग्रीमेंटपासून डिपॉझिट परत मिळेपर्यंत

भाड्याच्या घरात प्राणी ठेवायचा म्हटलं की गाठ दोघांशी पडते, घरमालकाशी आणि सोसायटीशी. दोघांचे अधिकार अगदी वेगळे आहेत आणि नवख्या भाडेकरूंचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. घरमालकाला मात्र स्वतःच्या फ्लॅटपुरतं 'नको' म्हणता येतं, आणि तुम्ही त्या अटीवर सही केली असेल तर ती अट तुम्हाला लागू होते. 'प्राणी पाळायला कोणीही अडवू शकत नाही' असा जो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो, तो भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांवरून उचललेला असतो. त्या सूचना सोसायट्यांना उद्देशून आहेत. मालकासमोर त्या वाचून दाखवल्या तर एवढंच होतं, की घर दुसऱ्याला जातं.

खाली दिलेलं सगळं महाराष्ट्रातल्या शहरांमधल्या, लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेल्या फ्लॅटसाठी आहे. पागडीची किंवा जुन्या भाडेकराराची घरं यात धरलेली नाहीत.

घर शोधताना

एजंटला पहिल्याच फोनवर सांगा: कोणता प्राणी, किती, केवढा. 'आधी घर आवडू दे, मग हळूच सांगू' हा सगळ्यात महाग पडणारा सल्ला आहे. टोकन दिल्यावर मालकाला कळलं आणि तो नाही म्हणाला, की टोकनसाठी भांडत बसावं लागतं. राहायला गेल्यावर कळलं तर महिन्याची नोटीस हातात पडते. त्यामुळे टोकन देतानाच मालकाला, एजंटला नाही, एक मेसेज पाठवा: 'आमच्याकडे चार वर्षांची लॅब्राडोर मादी आहे, ती आमच्यासोबत राहील, आपली संमती आहे ना?' आणि त्याचं 'हो' लेखी येईपर्यंत पैसे पाठवू नका. 'मालकाचं काही नाही हो, बिनधास्त आणा' हे एजंटचं वाक्य संमती म्हणून धरू नका. त्याला ब्रोकरेज मिळालं की त्याचा संबंध संपतो.

मालकाच्या मनात भीती साधारण तीन असतात: वास, फर्निचर आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. त्यांची उत्तरं आधीच कागदावर असली तर बोलणी सोपी होतात. एका पानावर प्राण्याचा फोटो, वय, वजन, नसबंदी झाल्याची तारीख, लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो, महापालिकेच्या परवान्याची प्रत आणि आधीच्या मालकाचं 'घर व्यवस्थित परत केलं' असं दोन ओळींचं पत्र द्या. यातली नसबंदीची नोंद लोक विसरतात. नसबंदी न झालेला बोका भिंतीवर, पडद्यावर, सोफ्याच्या कोपऱ्यावर फवारा मारतो आणि तो वास साध्या धुण्याने जात नाही. ज्या मालकाने हा प्रकार एकदा भोगला आहे तो 'मांजर' म्हटल्याबरोबर फोन ठेवतो. नसबंदी झाली आहे हे सांगितलं, तर बऱ्याचदा पुन्हा बोलायला तयार होतो.

जातीचा प्रश्नही येतो. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींविरुद्ध पत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. पण लोकांच्या डोक्यात ती यादी पक्की बसली आहे. अशा जातीचा कुत्रा असेल तर घर शोधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ हाताशी ठेवा आणि मालकाला कुत्रा प्रत्यक्ष भेटवा.

पोपटाबद्दल एक वेगळी गोष्ट. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेल्या कासवाचंही तेच. तिथे मालकाची संमती असली तरी उपयोग नाही.

अ‍ॅग्रीमेंटमधली ओळ

सगळ्या गोष्टींत हीच महत्त्वाची, म्हणून इथे वेळ घालवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. प्रत्यक्षात मसुदा एजंट करतो, आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेला एकच साचा असतो. त्या साच्यात, बहुतेक शेवटून दुसऱ्या पानावर, 'भिंतीला खिळे ठोकणार नाही, ज्वलनशील पदार्थ ठेवणार नाही' या वाक्यांच्या शेजारी 'पाळीव प्राणी ठेवणार नाही' हेही असतं. मालक तोंडी हो म्हणाला आहे, एजंट हो म्हणाला आहे, आणि कागद नाही म्हणतो आहे. वाद झाला की कागदच वाचला जातो.

म्हणून ऑनलाइन नोंदणीसाठी बायोमेट्रिक मशीन घेऊन माणूस घरी येण्याच्या किमान दोन दिवस आधी मसुदा मागून घ्या. तो समोर बसलेला असताना, अंगठा द्यायच्या घाईत, बारा पानं वाचून होत नाहीत. ती ओळ काढून टाकायला सांगा. नुसती काढून थांबू नका. तिच्या जागी संमतीचं कलम घाला. मजकूर असा चालेल ('लायसेन्सॉर' म्हणजे घरमालक, 'लायसेन्सी' म्हणजे तुम्ही, आणि 'लॉक-इन' म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो काळ):

'लायसेन्सी यांच्याकडे एक पाळीव कुत्रा (लॅब्राडोर, मादी, वय ४ वर्षे, नाव टफी) असून तो सदर जागेत ठेवण्यास लायसेन्सॉर यांची संमती आहे. सदर प्राण्यामुळे जागेचे अथवा फर्निचरचे नुकसान झाल्यास, नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून, दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिल दाखवून डिपॉझिटमधून वळता करता येईल. लायसेन्सॉर यांनी मुदतीत ही संमती मागे घेतल्यास लॉक-इन कालावधी लायसेन्सी यांस लागू राहणार नाही.'

करार इंग्रजीत असेल तर याच अर्थाचं वाक्य घाला. प्राण्याचं वर्णन नेमकं हवं. नुसतं 'पाळीव प्राणी ठेवता येईल' लिहिलं तर मालक घाबरतो. आणि 'एक कुत्रा' लिहून नंतर तुम्ही दुसरं पिल्लू आणलं तर तुम्हीच अट मोडता. 'प्रत्यक्ष खर्च, बिल दाखवून' हे शब्द सोडू नका. ते नसतील तर घर सोडताना 'कुत्रा होता म्हणून पूर्ण घराचं पेंटिंग' असा ठोक आकडा पुढे येतो. शेवटचं वाक्य बऱ्याच मालकांना खटकतं, पण त्याच्यासाठी थोडं ताणून धरा. साच्यातला लॉक-इन बहुतेक वेळा फक्त भाडेकरूला बांधतो: मालक महिन्याच्या नोटिशीवर घर मागू शकतो आणि तुम्ही मात्र सहा महिन्यांच्या आत निघालात तर उरलेलं भाडं भरायचं.

काही मालक प्राण्यासाठी जास्तीचे पैसे मागतात. परत मिळणारं डिपॉझिट थोडं वाढवून द्यायला हरकत नाही. परत न मिळणारी 'पेट फी' टाळलेली बरी. द्यावीच लागली तर ती करारात लिहा आणि नुकसानभरपाई आधी तिच्यातून वळती होईल असंही लिहा, नाहीतर एकाच ओरखड्याचे पैसे दोनदा जातात. 'ती रक्कम करारात नको, स्टॅम्प ड्यूटी वाढेल' हे कारण ऐकवलं जातं, त्याचा हिशोब पाहा. ड्यूटी असते एकूण भाडं, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज आणि परत न मिळणारी रक्कम, या बेरजेच्या ०.२५ टक्के. महिना ३०,००० भाडं, अकरा महिने, एक लाख डिपॉझिट असेल तर बेरीज सुमारे ३,३९,१६७ आणि ड्यूटी साधारण साडेआठशे रुपये. त्यात दहा हजारांची पेट फी दाखवली तर वाढतात २५ रुपये.

अकरा महिन्यांनी करार नवा होतो तेव्हा एजंट पुन्हा तोच जुना साचा उघडतो, आणि काढलेली ओळ परत येते. दरवेळी तपासा.

महापालिकेचा परवाना आणि लशी

कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो आणि त्याचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांसाठीही नोंदणीचा निर्णय जाहीर केला. अर्जासोबत रेबीजची लस टोचल्याचं प्रमाणपत्र, तुमचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि प्राण्याचा फोटो लागतो. भाडेकरूंचं अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर; आधार कार्डावर गावचा पत्ता असेल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सची प्रत जोडा. शहर बदललं की परवाना नव्याने काढायचा.

रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, पुढची डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, मग बूस्टर. तारखा चुकवू नका. कुत्रा नुसता दात दाखवून गेला तरी सोसायटीत पहिला प्रश्न 'इंजेक्शन दिलंय का?' हाच असतो, आणि तेव्हा लसीकरणाची पुस्तिका फोनमध्ये असली की अर्धं भांडण जागेवर मिटतं. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार पाळीव प्राण्याचं जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे.

सोसायटी

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने देताना सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही; त्याने आठ दिवस आधी कळवून कराराची आणि पोलिसांना दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची प्रत द्यायची असते. त्याच पत्रात प्राण्याचा उल्लेख करायला मालकाला सांगा आणि पोचपावती घ्या.

जीवजंतु कल्याण मंडळाच्या सूचना सोसायट्यांबाबत स्पष्ट आहेत. बहुमताने ठराव करून किंवा उपविधी बदलूनही प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही. कुत्रा भुंकतो हे बंदीचं कारण होत नाही. आकारावरून भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, तिच्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत आणि मुसकं बांधायची सक्तीही करता येत नाही. सामाईक जागेत पट्टा मात्र हवा, आणि शी उचलायची पिशवी खिशात हवी. पट्टा आखूड, दीड मीटरपर्यंतचा घ्या. गुंडाळला जाणारा लांब पट्टा लिफ्टच्या दारात धोक्याचा असतो: कुत्रा बाहेर, माणूस आत, आणि दार बंद.

हे सगळं कायद्याच्या बाजूने असलं तरी भाडेकरूने एक गणित विसरू नये. सोसायटीचा सभासद मालक आहे, तुम्ही नाही. नोटीस त्याला जाते, सर्वसाधारण सभेत तो बसतो, सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे सोसायटीविरुद्ध तक्रार करायची तर तीही त्याच्या नावाने केलेली बरी. सेक्रेटरीचे चार फोन झाले की वैतागतो तो, आणि वैतागलेला मालक तुमच्या बाजूने लढत बसण्यापेक्षा तुम्हाला नोटीस देतो. म्हणून जिंकता येणारे वादही निवडून घाला. लिफ्टमध्ये लहान मूल किंवा घाबरणारं माणूस असेल तर पुढच्या फेरीने जा. लिफ्ट वापरायचीच नाही असा फलक लागला तर गप्प बसू नका.

वाद लेखी करा. सेक्रेटरीने तोंडी सांगितलं, तर 'आपण आज सांगितलेलं कृपया लेखी द्यावं, कोणत्या उपविधीखाली ते नमूद करावं' एवढा ई-मेल, मालकाला प्रत. बरेच विषय या ई-मेलवरच थांबतात, कारण लेखी द्यायला काही नसतं. दंडाची पावती आली तरी तेच विचारा. प्राण्याला विष घालण्याची किंवा मारण्याची धमकी आली तर मात्र सोसायटीकडे जाऊ नका, थेट पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं, विष देणं, अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच संहितेचं कलम २९१ तुमच्यावरही लागू शकतं: प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

तक्रारी नेमक्या कशावरून येतात

भुंकण्यावरून, पण बहुधा तुम्ही घरी नसताना. त्यामुळे तुम्हाला ते खरंच वाटत नाही. जुना फोन रेकॉर्डिंगवर ठेवून दोन तास बाहेर जा आणि ऐका. पहिल्या वीस मिनिटांत भुंकून शांत होत असेल तर निघण्याआधी अर्धा तास चांगलं फिरवून आणणं, खाण्यात गुंतवून ठेवणारं खेळणं आणि जिन्याकडच्या दारापासून लांबची खोली एवढ्यावर भागतं. दोन तास अखंड चालू असेल तर तो एकटेपणाचा त्रास आहे. त्याला डॉक्टर आणि प्रशिक्षक लागतात, आणि तोवर दिवसा कोणीतरी सोबत.

दुसरं कारण बाल्कनी. कुत्र्याला बाल्कनीत शू करायची सवय लावली आणि ती धुतली की पाणी खालच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. खालच्या मजल्यावरच्या माणसाला मग कोणतीही मार्गदर्शक सूचना पटत नाही. बाल्कनीत करायचंच असेल तर कडा असलेला ट्रे ठेवा आणि तो बाथरूममध्ये नेऊन धुवा.

मांजरवाल्यांची अडचण जाळीची. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉन जाळी मांजर दातांनी कुरतडतं, आणि 'इनव्हिजिबल ग्रिल'च्या तारांमधल्या फटीतून पिल्लू सहज निसटतं. बारीक भोकांची जाड विणीची जाळी घ्या, खालची कड हुकांनी घट्ट बसवून घ्या. बाहेरच्या भिंतीला ड्रिल मारण्याआधी मालकाला मेसेज करा. हुकांची भोकं कोण बुजवणार हेही त्यातच ठरवा.

फिशटँकला मालक सहसा हरकत घेत नाहीत, पण दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे ८५ लिटर पाणी मावतं. काच आणि खडी धरून वजन शंभर किलोवर जातं. मॉड्युलर टीव्ही युनिटवर ती ठेवू नका.

घराची काळजी

सामान लावण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, आणि नेहमीचे कोपरे जवळून: बेडरूमच्या दारांचे खालचे सहा इंच, मच्छरजाळीचे खालचे कोपरे, सोफ्याचे हात, किचन ट्रॉलीचं खालचं फळकूट. प्राण्यांचं नुकसान याच उंचीवर होतं. व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारखेचा वाद राहत नाही.

शू झाली तर आधी कोरड्या कापडाने टिपा, पुसून पसरवू नका. मग पाणी, मग एन्झाइम असलेलं क्लीनर लावून बाटलीवर लिहिलेला वेळ ओलंच राहू द्या. लगेच पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. ब्लीच वापरू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वाफ होते. मार्बलवर व्हिनेगर किंवा लिंबू नको, चकाकी जाते आणि पॉलिशचं बिल येतं. मांजर असलेल्या घरात फिनॉलचं काळं फिनेल अजिबात नको. पंजे चाटताना ते पोटात जातं आणि मांजरांना ते बाधतं. कुत्र्याला बाथरूममध्ये आंघोळ घालताना मोरीच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी ठेवा. केसांनी तुंबलेल्या लाईनचा प्लंबर तुमच्या खिशातून जातो.

घर सोडताना

नोटीस दिल्यावर पहिलं काम गोचिडांचं. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरात राहूनच पूर्ण वाढते. मादी कुत्र्यावरून उतरून दाराच्या चौकटीच्या फटीत, स्कर्टिंगमागे, पंख्याजवळच्या कोपऱ्यात हजारोंनी अंडी घालते आणि पिल्लं खाण्याशिवायही बराच काळ तग धरतात. म्हणजे तुम्ही गेल्यावर महिनाभराने नव्या भाडेकरूच्या भिंतीवर ती चालताना दिसतात आणि फोन तुम्हाला येतो. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोन फवारण्या करा आणि दोन्हींची पावती ठेवा. फवारणाऱ्याला घरात काय काय आहे ते आधी सांगा: परमेथ्रिनसारखी औषधं मांजराला जीवघेणी ठरतात, आणि माशांच्या टाकीवर प्लास्टिक झाकून हवेचा पंप बंद ठेवावा लागतो.

त्यानंतर जाळ्या बदला, दारांचे ओरखडे सुताराकडून भरून घ्या. तुम्ही आणलेल्या सुताराचं बिल मालकाने लावलेल्या अंदाजापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी असतं. मग पहिल्या दिवसाच्याच क्रमाने व्हिडिओ काढा आणि मालकासोबत घर फिरून बघा. डिपॉझिटमधून काही कापायचं असेल तर बिल मागा.

मुदत संपल्यावर 'डिपॉझिट मिळेपर्यंत निघत नाही' म्हणून बसू नका. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई लागू शकते. नवं घर मिळालं नाही म्हणून कुत्र्याला वॉचमनच्या भरवशावर सोडून जाणं तर नकोच. उपाशी राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. चार-पाच आठवड्यांच्या बोर्डिंगचा दर नोटीस देतानाच विचारून ठेवा, आणि मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीत घर बदलणार असाल तर जागा आधीच बुक करा, कारण तेव्हा सगळीच बोर्डिंग भरलेली असतात.